भिंत नव्हतीच

पडद्यावर ती भिंत आली आणि सगळं बिनसलं. तोपर्यंत मी अगदी मजेत बसले होते. घरच्या लोकांसाठी आणि चार ओळखीच्यांसाठी ठेवलेला खेळ होता, सिनेमा सगळ्यांसाठी लागायच्या आधीचा, भर दुपारी, एका छोट्या थिएटरात. खुर्च्या इतक्या मऊ की त्यांच्यात बसणं आणि बुडणं एकच. माझ्या शेजारी वहिनी, वहिनीच्या पलीकडे काडी. काडी म्हणजे माझा धाकटा भाऊ. सिनेमा त्याच्यावरच होता. कुठल्याच संघात ज्याला घेत नाहीत तो किडमिडा मुलगा, मैदानाबाहेर बसून बसून बाकाला चिकटलेला, आणि मग एक दिवस मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना, शेवटची पेनल्टी, गोल. पुढे काय होणार हे मला ठाऊक होतंच, तरी मी हातातला रुमाल पिळत होते. पडद्यावर आमचं घर आलं, म्हणजे आमचं म्हणून दाखवलेलं, आमच्यापेक्षा बरंच गरीब. आमच्या घराला निदान रंग होता. आमचे वडील आले, ते दारू प्यायलेले. खऱ्या वडिलांना खोकल्याच्या औषधानेसुद्धा गरगरायचं. मी वहिनीला कोपर मारलं, ती तोंडावर हात धरून हसली. मग छोटा काडी चेंडू घेऊन घरामागे गेला, मी खुर्चीत सरसावून बसले, म्हटलं आता मी येणार, बघू तरी कुणाला उभं केलंय माझ्या जागी, नाक तरी बरं आहे का तिचं. आणि आली भिंत. उंच, विटांची, पोपडे निघालेली, तिच्यावर खडूने काढलेलं वर्तुळ. मुलगा चेंडू मारतो, भिंत परत देते. तो मारतो, ती देते. मागे व्हायोलिन. मी वाट बघितली की भिंतीआडून कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. ती भिंत म्हणजे मीच होते.

आमच्या घरामागे भिंत नव्हतीच. सगळी गोम तिथेच आहे. भिंत असती तर मी कशाला उभी राहिले असते? मागे थोडं मोकळं अंगण होतं, त्याच्या टोकाला तारेचं कुंपण, तेही खालून उचकटलेलं, आणि कुंपणाला लागून कालवा. पाणी संथ दिसायचं पण चेंडू पडला की बघता बघता लांब जायचा. पहिला चेंडू असाच गेला आणि काडीने असा गळा काढला की शेजारची माणसं बघायला आली. दुसरा चेंडू वडिलांनी टायरच्या कारखान्यातल्या कुणाकडून तरी आणला आणि आईने, शिलाई मशीनवरून मान वर न करता, मला फर्मावलं, "तू मागे उभी राहा. हा गेला तर तिसरा नाही." एवढंच. गोलकीपर वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणजे त्याची जबाबदारी माझी, त्याच्या चेंडूचीही माझी. मला वाचायचं असायचं, मैत्रिणींकडे जायचं असायचं, पण शाळेतून आलं की हा दारात उभा, चेंडू काखेत, काही न बोलता. मी म्हणायचे, "आज नाही हं काडी," आणि तो नुसता बघत राहायचा. त्या बघण्याचा मला आजही राग येतो. मग मी वडिलांचे कारखान्यातले हातमोजे चढवून कुंपणापाशी जाऊन उभी राहायचे. त्या मोज्यांना जळक्या रबराचा वास होता आणि ते माझ्या कोपरापर्यंत यायचे. थिएटरातल्या थंड हवेत, अत्तराच्या वासात, मला तो रबराचा वास स्पष्ट आला, आणि माझी जीभ आपोआप वरच्या पुढच्या दाताकडे गेली. तो दात खोटा आहे. खरा काडीच्या एका फटक्याने गेला तेव्हा मी सातवीत होते. रक्त बघून हाच घाबरून पलंगाखाली जाऊन बसला आणि तोंड धुवून मलाच त्याला बाहेर काढायला लागलं. पुढे मी याच कामात पडले. दंतवैद्यांना कवळ्या करून देते, अख्खं आयुष्य लोकांचे दात करण्यात गेलं, आणि माझा तो दातही मीच केलाय. कुणाला ओळखू येत नाही, अगदी बाजूच्या खऱ्या दाताला असतो तसा किंचित पिवळेपणा ठेवलाय. पण भिंतीला कसले दात? पडद्यावरची भिंत चेंडू खात होती आणि तिला काही होत नव्हतं.

मला वाईट वाटलं. सरळ सांगते, उगाच मोठेपणा कशाला. पन्नाशी उलटलेली बाई, घरी तीन कवळ्या मेणात अर्धवट ठेवून आलेली, आणि सिनेमात आपण नाही म्हणून रुसून बसलेली. माझं मलाच हसू यायला हवं होतं, ते येईना. पडद्यावर आई होती, वडील होते, दुष्ट कोच होता, चांगला कोच होता, एक कुत्रासुद्धा होता, जो आमच्याकडे कधीच नव्हता. वहिनीच्या जागी एक नाजूक मुलगी होती जी प्रत्येक सामन्याला गर्दीत डोळे मिटून उभी राहत होती. खरी वहिनी सामन्याला गेली की रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. म्हणजे सगळे होते, खरे नाही तर खोटे, आणि मीच नव्हते. सिनेमावाले काडीच्या घरी कित्येक महिने येत होते. तो बोलायचा, ते रेकॉर्ड करायचे. मला एकदाच फोन आला होता, एका मुलीचा, आईला कुठला रंग आवडायचा म्हणून. मी म्हटलं निळा, आणि पडद्यावरची आई खरंच निळं नेसली होती, चांगलं शोभत होतं. म्हणजे विचारलं तर ही माणसं ऐकतात. मग काडीने काय सांगितलं असेल? मी अंधारात वहिनीच्या पलीकडे बघायचा प्रयत्न केला. त्याच्या चष्म्यात पडद्याचा उजेड हलत होता, डोळे दिसत नव्हते. तो विसरला असेल, असं मनात आलं. मग वाटलं, विसरला नसेल, पण त्याच्या आठवणीत मी अशीच असेन, मागे कुठेतरी, चेंडू अडला की झालं. माणूस चेंडू मारतो तेव्हा समोर बघतो कुठे, तो रिकामी जागा बघतो. हे त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, मोठा खेळाडू झाल्यावर. कीपरकडे बघायचंच नाही, ताई, तो नाही त्या जागेकडे बघायचं. तेव्हा मी कौतुकाने ऐकलं होतं.

आणि ती रिकामी जागा तरी कुणी दाखवली त्याला? माझ्या उजव्या हाताला कुंपणाची तार तुटून तिचं टोक बाहेर आलं होतं. एकदा माझा फ्रॉक त्यात अडकून फाटला, आईची बोलणी खाल्ली, तेव्हापासून मी त्या बाजूला जाईचना. चेंडू कुठूनही येवो, मी आपली डावीकडे उडी मारायची. काडीला हे पक्कं कळलं होतं. तो दर वेळी माझ्या उजवीकडेच मारायचा आणि चेंडू दर वेळी उचकटलेल्या तारेखालून कालव्यात. मग आम्ही दोघं काठाकाठाने धावत सुटायचो, पुढे एक पायपूल होता तिथपर्यंत, चेंडूच्या आधी पोचायला. पुलावर मी पोटावर झोपायचे, हा माझे पाय धरायचा, आणि मी खाली वाकून पाण्यातून येणारा चेंडू दोन्ही हातांनी उचलायचे. पाय धरताना तो मोठमोठ्याने मोजायचा, का ते त्याचं त्यालाच माहीत. खरं सांगू तर आमचा खेळ तोच होता. गोल वगैरे नुसतं निमित्त, पुलापर्यंत धावायला मिळायचं म्हणून. पण त्यापायी एक घोटाळा होऊन बसला. इतकी वर्षं एकाच बाजूला मारून मारून त्याला दुसऱ्या बाजूला मारताच येईना. ज्या संघात जाईल तिथला कोच चार दिवसांत ओळखायचा की हा पोरगा एकाच कोपऱ्यात मारतो, आणि बसवायचा बाकावर. सिनेमात त्याला घेत नाहीत ते बारीक आहे म्हणून, गरीब आहे म्हणून. खरं तर त्याला घेत नव्हते ते माझ्यामुळे, फाटक्या फ्रॉकमुळे. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं आणि आम्ही कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही.

अंतिम सामना आला तेव्हा मी पडद्याकडे बघितलंच नाही, डोळे मिटून घेतले, त्या नाजूक मुलीसारखेच, इलाज नव्हता. खऱ्या सामन्याला मी नव्हते. कामावर होते, हातात प्लास्टर कालवलेलं, ते घट्ट व्हायच्या आत साच्यात ओतायचं असतं, थांबता येत नाही. शेजारच्या टेबलावर रेडिओ. निवेदक ओरडत होता की मूळ खेळाडू जखमी झालाय, बदली खेळाडू येतोय, आणि त्याने काडीचं नाव असं उच्चारलं की मला आधी कळलंच नाही हा आपला. मग पेनल्टी. मी मनात म्हटलं, मेल्या, आज तरी दुसरीकडे मार, त्यांना ठाऊक असणार तुझी खोड. रेडिओतून नुसता गोंगाट आला आणि माझ्या हातातलं प्लास्टर दगड झालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, थंड डोक्याने कीपरला चकवलं, बुद्धिमान फटका. त्याचा फोन आला तेव्हा तो हसतोय की रडतोय समजत नव्हतं. म्हणाला, "ताई, तो तुझ्यासारखाच पडला गं. तुझ्यासारखाच डावीकडे." पुढे कितीतरी वर्षं मी कवळ्या घासताना हे वाक्य आठवून एकटीच हसायचे. पडद्यावर आत्ता काय झालं? मी डोळे उघडले तर गोल झालेला, संथ गतीत माणसं उड्या मारताहेत, आणि त्या सगळ्याच्या मधोमध त्या हिरोला आठवते ती भिंत. रिकामी भिंत, तिच्यावर ऊन. थिएटरात सगळे हुंदके देत होते. वहिनीने मला तिचा रुमाल दिला. मला वाटतं माझं रडणं ती सिनेमासाठीचं समजली.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, काडीला सगळ्यांनी घेरलं. बाहेर चहा आणि बिस्किटं होती. दिग्दर्शक माझ्याकडे आला, माझ्या मुलाच्या वयाचा, उलटी टोपी घातलेला, डोळ्यांत झोप नाही. गोड पोरगा होता, त्याचा राग करणंही जमेना. "ताई, कसा वाटला?" मी म्हटलं, "भिंत छान होती." त्याचा चेहरा उजळला. "तुम्हाला जाणवलं ना? त्या भिंतीवर फार मेहनत घेतली आम्ही. मनासारखी मिळेचना. शेवटी बांधली आणि मग जुनी केली." मी म्हटलं, "जुनी होणं सोपं नसतं." तो म्हणाला, "तेच तर," आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेला. मी चहाचा कप तसाच ठेवला, पर्स काखेत घेतली आणि कुणाला न सांगता जिन्याकडे निघाले. मनात घोळत होतं, रात्री फोन करीन, छान होता म्हणेन, संपलं. आपण मोठ्या, आपण समजून घ्यायचं. अर्धा जिना उतरले असेन, तर मागून पावलं ऐकू आली, एक पायरी, थांबणं, एक पायरी. काडीचे गुडघे गेलेत. कठडा धरून तो लहान मुलासारखा दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग पुढची उतरतो. मी थांबले. खाली उतरायला त्याला किती त्रास होतो हे मला ठाऊक आहे, नाहीतर थांबले नसते.

"निघालीस?" तो म्हणाला.

"कवळ्या पडल्यात घरी."

"कसा वाटला ते नाही सांगितलंस."

"चांगला आहे की. सगळे रडले."

"तू?"

मी त्याच्याकडे बघितलं. पोट सुटलंय, टक्कल पडलंय, कोट भाड्याचा असावा असा दिसत होता, आणि तरी तेच बघणं, चेंडू काखेत धरून दारात उभं राहिल्यासारखं. मी म्हटलं, "काडी, आपल्या मागे भिंत कधी होती रे?"

तो कठड्याला टेकला, चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला. मग खाली बघतच बोलायला लागला. "मी सांगितलं होतं सगळं, ताई. कुंपण, कालवा, पूल, तुझा दात, सगळं. पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांना फार आवडली होतीस तू. मग एक दिवस बोलावलं मला, सगळे गोल करून बसले होते, आणि तो लेखक म्हणाला, बहीण उत्तम आहे, फक्त तिचं पुढे काहीतरी व्हायला पाहिजे. मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाला, म्हणजे ती आजारी पडते. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी जाते. आणि हा ती पेनल्टी तिच्यासाठी मारतो."

"मला मारणार होते?"

"छातीचा विकार वगैरे. खोकताना रुमालावर रक्त दाखवणार होते." तो थोडा हसला, मग हसायचा थांबला. "तो सांगत होता ना, तेव्हा तिथे एक मुलगी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पण आलं. खोटं कशाला बोलू, मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडलो. त्यांना वाटलं मला पटलं. मग मी उठलो आणि म्हटलं, तिला मारायचं नाही. ते म्हणाले, अहो सिनेमातच ना. मी म्हटलं, सिनेमातसुद्धा नाही. आईला मारा, आई गेलेलीच आहे. वडिलांना दारू पाजा, काय वाटेल ते करा. हिला नाही. खूप समजावलं त्यांनी. शेवटी तो टोपीवाला म्हणाला, बरं, मग जिवंत बहिणीचं करायचं काय सिनेमात? आणि ताई, मला सांगताच येईना. मी म्हटलं, ती उभी राहायची. तर तो म्हणाला, नुसतं उभं राहायला मग भिंत चालेल."

छातीच्या विकाराने खोकून मरणारी मी डोळ्यांसमोर आली, पांढरा झगा, विस्कटलेले केस, आणि मला खरंच हसू फुटायला लागलं. काडीसाठी मी जगले काय आणि मेले काय, गोल त्याच कोपऱ्यात जाणार होता. मी म्हटलं, "अरे, मारलं असतं तरी काय बिघडत होतं? एवढे लोक रडले असते माझ्यासाठी. तू त्यातही हट्टीच."

तो हसला नाही. म्हणाला, "तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे ही."

जिन्यात वरच्या गडबडीचा आवाज येत होता, कपबशांचा, कुणीतरी काडीला शोधत होतं त्याचा. मला गेल्या वर्षीची ती संध्याकाळ आठवली. इस्पितळातली खाट, दुसऱ्या दिवशी गाठ काढायची होती, ती कसली आहे हे काढल्यावरच कळणार होतं; साधी निघाली ते नंतर. काडी आला होता, स्टुलावर बसला होता, एक संत्रं सोलत. सोलून झालं तरी हातातच धरून बसला. एक अक्षर बोलला नाही. मी चिडले होते, म्हटलं, "आलायस तर दोन शब्द बोल, सुतकी चेहरा करून बसायचं तर घरी जा." तो खरंच उठून गेला होता, संत्रं माझ्या उशाशी ठेवून. मी वहिनीपाशी तक्रारही केली होती की मोठा माणूस झाला, सिनेमावाल्यांत बसायला वेळ आहे, बहिणीशी बोलायला नाही. तो तिथूनच आला होता. माझं मरण ऐकून, त्यांना नाही म्हणून, तसाच आला होता माझ्यासमोर बसायला. मी जिन्यावर त्याच्या कोटाची बाही धरली. भाड्याचाच होता कोट, कापड खरखरीत लागलं. मला त्याच्याविषयी इतकी माया दाटून आली की ती कुठे ठेवावी कळेना, म्हणून मी त्याची कॉलर सरळ केली.

वरून दिग्दर्शकाने हाक मारली, फोटो काढायचे होते, लोकांना काडीकडून चार शब्द ऐकायचे होते. काडी म्हणाला, "चल वर. मी सांगतो आज सगळ्यांना. सिनेमात काय असेल ते असू दे, भिंत नव्हती, माझी ताई होती, असं सांगतो."

"नको," मी म्हटलं. "लगेच विचारतील, मग पुढे तिचं काय झालं?"

"मग काय सांगू?"

"सांग, काही झालं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर, असा तो वरची पायरी चढला आणि दोन्ही पाय जुळवून उभा राहिला.

"काही झालं नाही," तो म्हणाला. मग श्वास घेऊन पुन्हा म्हणाला, या वेळी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं, आणि त्याने माझा खांदा घट्ट धरला, पुलावर माझे पाय धरायचा तसा.